‘वृद्ध’ कोणत्या रकान्यात? आपत्तीनंतरच्या दानाचा हिशोब खानदेशातून वाचताना

खानदेशच्या जुन्या सरकारी गॅझेटियरांत १८७२ च्या पुराची नोंद आहे. गिरणा आणि पांझरा या दोन्ही नद्या फुगल्या. धुळे शहरातली ५०० घरं वाहून गेली. पांझरेच्या पलीकडच्या काठावरचं एक अख्खं गाव नाहीसं झालं. मालमत्तेचं नुकसान १६ लाख रुपयांचं धरलं गेलं. या सगळ्यानंतर एक छोटं वाक्य येतं. त्याचा मतितार्थ असा, की सार्वजनिक आणि खासगी दानातून हजारावर माणसांना मदत मिळाली.

तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल, तर या शेवटच्या वाक्यापाशी जरा थांबा. ते काय सांगतं? दान झालं, ते मोजण्याइतकं संघटित होतं, आणि घेणाऱ्यांचा आकडा हजाराच्या वर गेला. ते काय सांगत नाही? ही हजार माणसं कोण होती, त्यांत साठी-सत्तरीची किती होती, आणि मुख्य म्हणजे पैसे कशासाठी दिले. आठ दिवसांच्या ज्वारीसाठी, की पडलेली भिंत पुन्हा उभी करण्यासाठी?

आपत्तीनंतर वृद्धांसाठी येणाऱ्या दानाच्या पैशावर आपण वाचायला लागतो, तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो ‘किती मिळालं?’ प्रश्न चुकीचा नाही. पण मला वाटतं ‘कोणत्या नावाखाली मिळालं?’ हा प्रश्न जास्त उपयोगाचा आहे. या लेखात तो कसा विचारायचा ते आपण बघू. त्यासाठी दोन साधे शब्द ठरवून घेऊ. माणूस जगावा, त्याला ऊब-अन्न-औषध मिळावं म्हणून दिलेल्या पैशाला ‘सांभाळ’ म्हणू. माणूस आपत्तीच्या आदल्या दिवशी जे करत होता ते पुन्हा करू लागावा म्हणून दिलेल्या पैशाला ‘उभारणी’ म्हणू. दोन्ही लागतात. एकाला चांगलं आणि दुसऱ्याला वाईट म्हणण्याचा हेतू नाही.

१८९७ ची चार कलमं

पुरानंतर पंचवीस वर्षांनी १८९६-९७ चा मोठा दुष्काळ आला, आणि लगेच १८९९-१९०० चा. गुजरात-राजस्थानात या दुसऱ्या दुष्काळाला विक्रम संवत १९५६ वरून ‘छप्पनिया’ म्हणतात. खानदेशात तो फार कडक गेला. तेव्हा खानदेश हा एकच जिल्हा होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले. पूर्व म्हणजे आजचा जळगाव. पश्चिम म्हणजे धुळे, त्यातून १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा निघाला. जुनी आकडेवारी बघताना हे लक्षात ठेवा, नाहीतर आजच्या जळगावची तुलना कालच्या सबंध खानदेशाशी होऊन बसते.

या दोन्ही दुष्काळांत ‘इंडियन फॅमिन चॅरिटेबल रिलीफ फंड’ नावाचा दाननिधी उभा राहिला. देशातून आणि बाहेरून, विशेषतः इंग्लंडमधून, वर्गणी आली. रक्कम कोटीच्या वर गेली. पण आपल्याला रकमेपेक्षा नियम महत्त्वाचा. सरकारची भूमिका अशी होती, की लोकांना जिवंत ठेवण्याची जबाबदारी दुष्काळ संहितेप्रमाणे सरकारची आहे. मग दानाचा पैसा त्याच कामावर पुन्हा कशाला खर्चायचा? म्हणून १८९७ मध्ये दानाची चार कामं ठरवून दिली गेली. माझ्या शब्दांत ती अशी:

१. सरकारी शिध्यावर थोडी भर घालणं. वृद्ध, अशक्त, दवाखान्यातले रुग्ण आणि लहान मुलं यांना थोडं जास्तीचं अन्न, थोडे कपडे.

२. अनाथ मुलांचा सांभाळ.

३. गरिबी आली तरी सरकारी मदत मागायला लाजणाऱ्या अब्रूदार घरांना गुपचूप साहाय्य.

४. दुष्काळ ओसरू लागल्यावर, ज्यांचं सगळं गेलं त्यांना पूर्वीच्या जागी आणणं. म्हणजे बैल, बियाणं, चारा, अवजारं.

आता माझ्यासोबत बोट ठेवून वाचा. ‘वृद्ध’ हा शब्द कुठे आहे? पहिल्या कलमात. ‘नव्यानं सुरुवात’ कुठे आहे? चौथ्या कलमात. आणि सर्वांत मोठा खर्च चौथ्या कलमावर झाला, कारण शेतकऱ्याला बैल मिळाले नाहीत तर पुढचा पाऊस येऊनही पेरणी होत नाही.

म्हणजे वृद्धांना चौथ्या कलमातून काहीच मिळालं नाही, असा निष्कर्ष काढायचा का? घाई करू नका. नियमात वयाची अट नव्हती. पासष्ट वर्षांचा एखादा कुणबी, ज्याच्या नावावर जमीन होती आणि ज्याचे बैल मेले होते, त्याला बैलांसाठी पैसे मिळू शकत होते. पण मग नोंदीत तो ‘शेतकरी’ म्हणून येतो, ‘वृद्ध’ म्हणून येत नाही. त्याच्या शेजारी राहणारी, हात थकलेली विधवा मात्र ‘वृद्ध, अशक्त’ म्हणून येते.

पूर्ण लेखातली महत्त्वाची गोष्ट हीच आहे. ज्या रकान्यात माणूस म्हातारा म्हणून मोजला जातो, तिथे उभारणी नसते. ज्या रकान्यात उभारणी असते, तिथे त्याचं वय लिहिलेलं नसतं. त्यामुळे शंभर वर्षांनी कागद बघणाऱ्याला वाटतं, की म्हाताऱ्या माणसांना फक्त घोंगडी आणि पेज लागत होती.

रकाने सहजासहजी मरत नाहीत

तुम्ही म्हणाल, ही इंग्रजी अमदानीतली गोष्ट झाली. मग जवळचे तीन कागद बघू.

पहिला कागद केंद्र सरकारच्या आपत्ती निवारण निधीच्या निकषांचा, २००५ ते २०१० या काळासाठीचा. हा दानाचा पैसा नव्हे, सरकारचा आहे. पण शब्द बघा. त्यात ‘वृद्ध, अशक्त आणि निराधार मुलं’ अशी एक ओळ होती आणि तिच्यापुढे दर होता प्रौढाला दिवसाला २० रुपये, मुलाला १५ रुपये. शेती, जनावरं, मासेमारी, विणकाम यांच्या नुकसानीसाठी वेगळी कलमं होती. १८९७ ची पहिल्या आणि चौथ्या कलमातली फाळणी एकशे दहा वर्षांनीही जशीच्या तशी दिसते.

दुसरा कागद कंपनी कायदा २०१३ चा. कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्यातला वाटा सामाजिक कामावर, आपण ज्याला सीएसआर म्हणतो त्यावर, खर्च करावा लागतो. कोणती कामं चालतील याची यादी परिशिष्ट सातमध्ये आहे. तिथे तिसऱ्या बाबीत वृद्धाश्रम, दिवसा सांभाळ करणारी केंद्रं आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी इतर सोयी येतात. २०१९ मध्ये बारावी बाब जोडली गेली, आपत्ती व्यवस्थापनाची, आणि तिच्यात मदत, पुनर्वसन आणि पुनर्बांधणी हे शब्द आले. एखाद्या कंपनीनं पुरानंतर सत्तरीच्या शेतकऱ्याला मोटारपंप घेऊन दिला, तर कायद्यात काहीच अडचण नाही. पण तो खर्च बाराव्या बाबीत दाखवला, तर त्याचं वय हरवलं. आणि तिसऱ्या बाबीत दाखवावा, तर तिथं वृद्धांचं चित्रच आश्रमाचं आहे.

तिसरा कागद आपल्या राज्यातला, आणि तुम्हाला सहज बघता येईल असा. महाराष्ट्रातले सार्वजनिक न्यास १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदले जातात. जळगाव आणि धुळे या दोन्ही ठिकाणी त्यांची कार्यालयं आहेत. न्यासांना दरवर्षी ठरलेल्या नमुन्यात हिशोब द्यावा लागतो. उत्पन्न-खर्चाचं जे पत्रक आहे, त्यात न्यासाच्या उद्दिष्टांवरच्या खर्चाचे पाच रकाने आहेत: धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय मदत, गरिबी निवारण आणि इतर धर्मादाय कामं. यात ‘वृद्ध’ नाही आणि ‘आपत्ती’ही नाही. पूरग्रस्त म्हातारीच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ‘वैद्यकीय’मध्ये जाते, तिच्या घराचे पत्रे ‘गरिबी निवारण’मध्ये, आणि तिच्या शेळ्या बहुधा ‘इतर’मध्ये.

म्हणून उद्या कोणी तुम्हाला ‘खानदेशातल्या न्यासांनी पुरानंतर वृद्धांवर किती खर्च केला?’ असा विषय दिला, तर आधी एवढं सांगा, की या पत्रकांवरून ते कळत नाही. पत्रकाच्या मागची व्हाउचरं आणि लाभार्थी याद्या बघाव्या लागतील.

म्हातारं माणूस म्हणजे बसलेलं माणूस?

या रकान्यांमागे एक गृहीतक आहे. म्हातारं माणूस कमवत नाही, दुसऱ्यावर अवलंबून असतं, म्हणून त्याला सांभाळ पुरतो. हे गृहीतक तपासता येतं. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात साठीच्या पुढची लोकसंख्या ९.९ टक्के होती, देशात ८.६ टक्के. आणि देशाच्या ग्रामीण भागात साठीच्या पुढचे ६६ टक्के पुरुष आणि २८ टक्के बायका काही ना काही काम करत होत्या. बायकांचा आकडा प्रत्यक्षात याहून मोठा असणार, कारण घरच्या शेतातलं निंदणं, ढोरांचं शेण-पाणी, कापूस वेचणं हे कित्येकदा कामात धरलंच जात नाही.

जळगाव-धुळ्यात हे वेगळं सिद्ध करायला नको. सातबारा बापाच्या नावावर, मुलगा सुरतेला उधना-लिंबायत भागात कामाला किंवा पुणे-नाशिकच्या कंपनीत, आणि शेत बघणारा बाप अडुसष्ट वर्षांचा, अशी घरं तुमच्याच गावात चार असतील. रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यात, मनरेगात, वयाची वरची मर्यादा ठेवलेली नव्हती. म्हणजे सरकारच्या एका हाताला म्हातारं माणूस कामकरी दिसत होतं आणि दुसऱ्या हाताला निराधार.

एक कल्पित उदाहरण घेऊ. प्रसंग खरा आहे: ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस चाळीसगावला तितूर आणि डोंगरी या नद्यांना पूर आला, शहराच्या बाजारपेठेत पाणी शिरलं, कन्नड घाटात दरड कोसळली. माणसं कल्पित आहेत. समजा, नदीकाठच्या वस्तीत सत्तरीच्या दोन शेजारणी राहतात. पहिली मुलाकडे राहते, तिला श्रावणबाळ योजनेचं निवृत्तिवेतन मिळतं. दुसरी एकटी राहते आणि लोटगाडीवर भाजी विकते. पूर येतो. चौथ्या दिवशी एक मंडळ दोघींना सारखी किट देतं: ब्लँकेट, भांडी, दहा किलो गहू, तेल, डाळ. मंडळाच्या अहवालात ‘ज्येष्ठ लाभार्थी : २’ अशी नोंद होते. अहवाल खोटा नाही.

सहा महिन्यांनी बघा. पहिलीचं आयुष्य बऱ्यापैकी पूर्वीसारखं चाललंय. दुसरीची लोटगाडी वाहून गेली, तराजू गेला, आणि पहाटे अडतीवर माल उचलायला लागणारं दोन-तीन हजारांचं भांडवलही गेलं. तिनं कुठून तरी व्याजानं पैसे उचललेत आणि रोजच्या नफ्यातलं निम्मं त्यात जातंय. बँक तिला वयामुळे दारात उभी करत नाही. बचत गटात ती नाही, कारण हप्ता चुकेल म्हणून कोणी घेत नाही. तिला लागत होती ती उभारणी, आणि तीही फार थोड्या पैशांची. मिळाला तो सांभाळ. अहवालातल्या ‘२’ या आकड्यात हा फरक कुठेच नाही.

उभारणी म्हणजे नेहमी धंदाच, असंही नाही. पुरात चष्मा गेला, कवळी गेली, काठी गेली, तर माणसाचं रोजचं चालणं-बोलणं-खाणं थांबतं. आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक गेलं, तर निवृत्तिवेतन अडकतं. घासून गेलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, ही अडचण तर सुक्या दिवसांतही असते. तालुक्याला चार खेपा मारायला रिक्षाभाडं आणि सोबतीला एक माणूस लागतं. या खर्चाला कोणत्याच यादीत नाव नाही, म्हणून तो मागताही येत नाही.

किल्लारी आणि कडलूर

खानदेशाबाहेरची दोन उदाहरणं मुद्दाम देतो, कारण दानाचा ओघ कुठे वळतो हे मोठ्या आपत्तीत ठळक दिसतं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. जागतिक बँकेच्या कर्जातून राज्याचा मोठा पुनर्वसन कार्यक्रम उभा राहिला आणि पन्नासहून जास्त गावं नव्या जागी वसवली गेली. अनेक गावं देणगीदार संस्थांनी दत्तक घेऊन बांधली. भारतीय जैन संघटनेनं सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला आणलं, ते काम आजही आदरानं आठवलं जातं. १८९७ ची यादी डोळ्यांसमोर ठेवा: मुलांचा सांभाळ आहे, घरांची उभारणी आहे. घराचा आकार जमिनीवर ठरला. भूमिहीनाला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला ४००, त्याहून जास्त असलेल्याला ७५०. या मोजणीत वयाला जागा नव्हती. नवी गावं जुन्या गावठाणापेक्षा ऐसपैस झाली, रस्ते रुंद आणि सरळ झाले. पण जुन्या गावात म्हाताऱ्या माणसाला पार, देऊळ, शेजारघर वीस पावलांवर असायचं. नव्या गावात तेच अंतर लांबलं. हा तोटा रुपयांत मांडता येत नाही, म्हणून देणगीदाराला तो दाखवणंही अवघड.

दुसरं उदाहरण २००४ च्या त्सुनामीनंतरचं, तमिळनाडूतलं. हेल्पेज इंडिया ही वृद्धांसाठी काम करणारी संस्था १९७८ पासून आहे. तिनं तिथे दोन वेगवेगळ्या गोष्टी केल्या. कडलूरजवळ तामरैकुळम इथे एकटं पडलेल्या वृद्धांसाठी एक छोटं गाव वसवलं. हा सांभाळ झाला, आणि त्याची गरज होतीच. दुसरीकडे वृद्धांचेच बचत गट सुरू केले. मासळी, शेळ्या, छोटं दुकान अशा कामांसाठी वृद्धांनी एकमेकांना कर्ज द्यायचं. ही उभारणी झाली. संस्था एक, दान एक, आणि दोन रकाने शेजारी शेजारी. वृद्ध कर्ज फेडणार नाहीत, हे सगळीकडे धरून चाललेलं गृहीतक इथे आधीच खरं न मानता प्रत्यक्ष करून बघितलं गेलं. संशोधक म्हणून मला हेच महत्त्वाचं वाटतं.

एक आकडा, आणि तो कसा वाचायचा

जगभरच्या मदतनिधीवर नेहमी दिला जाणारा एक अभ्यास आहे. हेल्पेज इंटरनॅशनल आणि हॅंडिकॅप इंटरनॅशनल या संस्थांनी २०१० आणि २०११ मधल्या संयुक्त राष्ट्रांच्या मदत-आवाहनांतले ६,००३ प्रकल्प तपासले. वृद्धांसाठी म्हणून निदान एक तरी कृती असलेले प्रकल्प निघाले ४७. त्यांतल्या १८ प्रकल्पांना पैसे मिळाले.

आकडा धक्कादायक आहे, आणि म्हणूनच जपून वापरायचा. या अभ्यासानं काय मोजलं? प्रस्तावात वृद्धांसाठी वेगळी कृती लिहिली आहे का, ते मोजलं. प्रत्यक्षात किती वृद्धांना मदत पोचली, ते मोजलेलं नाही. पाण्याची टाकी सगळ्या गावासाठी बांधली, तर तिचं पाणी आजीही पितात. तेव्हा ‘वृद्धांना एक टक्काही मदत मिळत नाही’ असं या आकड्यावरून लिहिलंत, तर परीक्षक तुम्हाला तिथेच अडवतील, आणि बरोबरच करतील.

पण आकडा निरुपयोगी आहे का? नाही. टाकी बांधताना तोटी किती उंचीवर आहे, हंडा किती लांब न्यावा लागतो, रांगेत किती वेळ उभं राहावं लागतं, याचा विचार कोणी मुद्दाम केला होता का, हे प्रस्तावातल्या शब्दांवरून कळतं. नाव लिहिलं नाही म्हणून मदत पोचलीच नाही असं नसतं. नाव न लिहिल्यामुळे पोचली की नाही हे विचारण्याची सोय मात्र जाते. धुळ्याच्या १८७२ च्या ‘हजारावर माणसां’चं नेमकं हेच झालं.

उलट बाजूही ऐका

या सगळ्यावर एक सरळ आक्षेप आहे आणि तो तुमच्या चर्चासत्रात नक्की येईल. पैसा थोडाच असतो. तो कमावत्या तरुणाला दिला तर घर सावरतं, आणि घर सावरलं की घरातलं म्हातारं माणूसही सावरतं. मग वेगळा रकाना कशाला?

आक्षेपात तथ्य आहे. एकत्र राहणाऱ्या, नीट चाललेल्या घरात बहुधा असंच होतं. पण तो दोन गोष्टी धरून चालतो. घरात तरुण आहे, आणि घरातला पैसा सगळ्यांपर्यंत पोचतो. जिथून मुलं सुरत-पुण्याला गेली आहेत तिथे पहिली गोष्ट तपासावी लागते. दुसरी तर कुठेच न तपासता मान्य करू नये. आणि हा आक्षेप खरा की खोटा, हे ठरवायलाही आधी वयाची नोंद हवी. रकाना नसेल तर वाद नुसता मतांचा होतो.

संस्थांची अडचणही समजून घ्या. धुळ्या-जळगावातल्या छोट्या मंडळाकडे हिशोबनीस एकच असतो. परदेशी देणगीच्या कायद्यात २०२० मध्ये बदल झाला. तेव्हापासून एका संस्थेनं परदेशातून आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देणं बंद झालं आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्क्यांवर आली. म्हणजे मोठ्या संस्थेमार्फत गावातल्या मंडळापर्यंत पैसा येण्याची एक वाट मिटली. शिवाय घरोघरी जाऊन सहा महिन्यांनी पुन्हा विचारपूस करणं हे काम कागदावर बऱ्याचदा ‘प्रशासकीय’ दिसतं. किट वाटणं सोपं का वाटतं, याचं उत्तर मनाच्या कोतेपणात शोधू नका. कागदात शोधा.

तुम्हाला काय करता येईल

विषय घ्यायचा असेल तर सुरुवात लहान ठेवा. एक पूर, एक तालुका, एक-दोन न्यास. हातात येईल त्या प्रत्येक लाभार्थी यादीला स्वतःचे तीन रकाने जोडा.

पहिला रकाना वयाचा. ‘वृद्ध’ म्हणजे कोण, हे आधी ठरवा आणि लिहून ठेवा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात साठ आहे, श्रावणबाळ योजनेत पासष्ट, एसटीत अर्ध्या तिकिटाला पासष्ट आणि मोफत प्रवासाला पंचाहत्तर. व्याख्या बदलली की तुमचा निष्कर्षही बदलतो.

दुसरा रकाना उद्देशाचा. सांभाळ की उभारणी? वस्तूवरून ठरवू नका, वापरावरून ठरवा. तेच शिलाई मशीन एकीला उभारणी असतं, आणि डोळे गेलेल्या दुसरीला घरात पडलेलं लोखंड.

तिसरा रकाना वेळेचा. मदत पहिल्या पंधरवड्यात आली की सहा महिन्यांनी? १८९७ च्या यादीत चौथं कलम ‘दुष्काळ ओसरू लागल्यावर’चं होतं, हे त्या यादीचं शहाणपण होतं. आज वर्तमानपत्रातली बातमी संपते तेव्हाच दानही आटतं, आणि उभारणीची वेळ त्यानंतर येते.

कागद कुठे मिळतील? न्यासांचे हिशोब धर्मादाय कार्यालयात. पंचनाम्यांच्या याद्या आणि सानुग्रह अनुदानाच्या नोंदी तहसील कार्यालयात, लागलं तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. कंपन्यांचा खर्च सीएसआरच्या राष्ट्रीय पोर्टलवर. तिथे ज्येष्ठ नागरिक आणि आपत्ती हे वेगवेगळे विषय म्हणून दिसतील, का ते आता तुम्हाला माहीत आहे.

मुलाखतीला जाल तेव्हा प्रश्नावलीतली भाषा बदला. ‘पुनर्वसन’ म्हटलं की आपल्याकडे पुष्कळांना धरणात गेलेली गावं आठवतात, पूर आठवत नाही. ‘तुमच्या उपजीविकेची हानी’ हे तर कोणी बोलतच नाही. पुराच्या आदल्या दिवशी सकाळी उठल्यापासून काय काय केलं, ते विचारा. मग आज सकाळी काय केलं, ते विचारा. दोन दिवसांतला फरक तुमची माहिती आहे. अहिराणी किंवा लेवा बोली येत असेल तर त्यातच बोला, आणि उत्तर ज्या शब्दांत आलं त्याच शब्दांत उतरवून घ्या.

शेवटची गोष्ट सगळ्यांत आधी सांगायला हवी होती इतकी महत्त्वाची आहे. हातात कागद घेऊन आलेला माणूस म्हणजे यादीत नाव घालणारा, असंच पूरग्रस्त वस्तीत समजलं जातं. म्हातारी माणसं तर मोठ्या आशेनं बोलतात, पासबुक काढून दाखवतात. तुम्ही विद्यार्थी आहात, तुमच्या लिहिण्यानं कोणाला पैसे मिळणार नाहीत, हे पहिल्या दोन वाक्यांत सांगा आणि उठताना पुन्हा सांगा. तरीही जाताना तालुक्याच्या कचेरीत कोणता अर्ज कोणत्या टेबलावर द्यायचा, एवढी माहिती खिशात ठेवा. विचारतील, आणि तेवढं तुम्हाला देता येतं.